बॉयकॉट म्हणजे वाळीत टाकणं नव्हे

आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. बॉयकॉट. किराणावाल्याने तूरडाळीचा भाव वाढवला, बॉयकॉट करा. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब दिला नाही, बॉयकॉट करा. इथपर्यंत ठीक आहे. पण ‘त्याने सुपरवायझरला आपली नावं सांगितली, त्याला बॉयकॉट करा’, आणि ‘तिने वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे तक्रार केलीय, आता आपल्या सगळ्यांच्या परमिटवर येईल, तिच्याशी कुणी बोलू नका’, हेही त्याच शब्दात बसवलं जातं. मग ताईच्या हाताचा चहा कुणी घेत नाही, गाडीत तिला जागा मिळत नाही, रूमवर सगळे गप्प.

मित्रांनो, याला बॉयकॉट म्हणत नाहीत. याला आपल्या गावाकडचा जुना शब्द आहे, वाळीत टाकणं. दोन्हींमध्ये फरक काय, हे आपल्याला कळलंच पाहिजे. कारण यातली एक गोष्ट कामगाराचं हत्यार आहे आणि दुसरी कामगाराच्याच गळ्यावर फिरते. आणि गंमत बघा, बॉयकॉट हा शब्द ज्या मातीत जन्मला, त्याच देशात आपण आज राबतोय.

शब्द जन्मला मेयोमध्ये

बॉयकॉट हे माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा इंग्रज गृहस्थ. काउंटी मेयोमध्ये लॉक मास्क तलावाच्या काठी तो राहायचा, लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी. काम काय, तर कुळांकडून खंड वसूल करणं आणि न देणाऱ्याला जमिनीवरून हुसकावणं.

१८७९ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला पीक बुडालं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली. तिच्यामागे मायकल डॅविट. या माणसाची गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जन्म मेयोतलाच, १८४६ चा, म्हणजे दुष्काळातला. तो लहान असताना कुटुंबाला खंड थकला म्हणून घरातून बाहेर काढलं. ती मंडळी इंग्लंडात लँकेशायरला गेली. तिथे कापडगिरणीत कामाला लागलेल्या या पोराचा उजवा हात वयाच्या अकराव्या वर्षी यंत्रात सापडला आणि कापावा लागला. म्हणजे बॉयकॉट ज्या चळवळीतून आला, ती उभी करणारा माणूस स्थलांतरित मजुराचा मुलगा होता, गिरणी कामगार होता. आपल्यातलाच म्हणा ना.

१८८० च्या सप्टेंबरात एनिस इथल्या सभेत चार्ल्स पार्नेल या पुढाऱ्याने लोकांना विचारलं, की हुसकावलेल्या शेजाऱ्याची जमीन जो स्वतः घेतो, त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. त्याच्याशी व्यवहारच ठेवू नका. रस्त्यात, दुकानात, बाजारात त्याला एकटं पाडा.

थोड्याच दिवसांत त्याचा प्रयोग झाला तो कॅप्टन बॉयकॉटवर. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली होती, जमीनदार १० टक्क्यांवर अडून बसला होता. बॉयकॉटने घरं खाली करण्याच्या नोटिसा काढल्या. मग काय, शेतमजुरांनी त्याचं काम सोडलं. लोहाराने घोड्यांना नाल मारायचं नाकारलं, धोबिणीने कपडे घेतले नाहीत, बॅलिनरोबच्या दुकानदारांनी सामान देणं बंद केलं, टपाल आणणारा पोऱ्याही येईना. पीक शेतात उभं. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, पण त्याच्यासाठी हातही हलवला नाही.

शेवटी पीक काढायला कॅव्हन आणि मोनॅहन या काउंट्यांमधून पन्नासेक माणसं आणली गेली. त्यांच्या संरक्षणाला सुमारे हजारभर शिपाई. पाचेकशे पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च आला, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. डिसेंबर उजाडेपर्यंत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला होता.

आता शब्द कसा पडला ते ऐका. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार तिथे होता. या प्रकाराला नाव काय द्यावं, असा प्रश्न त्याला पडला. इंग्रजीत ऑस्ट्रसाइझ हा भारदस्त शब्द होता, पण तो शेतकऱ्यांना कळणार नाही. तिथले पाद्री फादर जॉन ओमॅली म्हणाले, मग सरळ ‘त्याला बॉयकॉट करणं’ असंच म्हटलं तर? रेडपाथनेच ही हकिगत लिहून ठेवली. काही आठवड्यांत शब्द लंडनच्या पेपरांत आला. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी, सगळ्या भाषांनी तो उचलला. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून जे इथे खाली मान घालून बसतात त्यांनी हे लक्षात घ्यावं, की इंग्रजीतला हा शब्द कुण्या प्रोफेसरने नाही घडवला. मजुरांना समजावा म्हणून तो घडला.

एका शब्दाचे शेजारी

इंग्रजीत याच्या आसपासचे बरेच शब्द इथल्या कामाच्या जागी कानावर पडतात. त्यांची सरमिसळ होते, म्हणून थोडक्यात सांगतो.

स्ट्राइक म्हणजे संप. आपण आपलं काम थांबवतो. बॉयकॉटमध्ये व्यवहार थांबतो: खरेदी, विक्री, सेवा, संबंध. संप कामगारच करू शकतो, बॉयकॉट गिऱ्हाईकही करू शकतं.

लॉकआउट म्हणजे टाळेबंदी. हे मालकाचं हत्यार. डब्लिनच्या ओकॉनेल स्ट्रीटवर हात वर करून उभा असलेला जिम लार्किनचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. १९१३ मध्ये त्याच्या युनियनचे सभासद राहणार नाही असं लिहून द्या, नाहीतर घरी बसा, असं मालकांनी सांगितलं, आणि सुमारे वीस हजार कामगार महिनोन्‌महिने बाहेर राहिले.

पिकेट म्हणजे गेटवर उभं राहून धरणं धरणं. ब्लॅकलिस्ट म्हणजे मालकांची काळी यादी, ‘याला कुणी कामावर घेऊ नका’. एम्बार्गो म्हणजे सरकारने दुसऱ्या देशाच्या मालावर घातलेली बंदी. शन म्हणजे एखाद्याला टाळणं. ऑस्ट्रसाइझ म्हणजे समाजातून काढणं. हा शब्द ग्रीकांचा. अथेन्समध्ये लोक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून मत द्यायचे, आणि ज्याचं नाव निघेल त्याला दहा वर्षं शहराबाहेर जावं लागायचं.

आणि बुलिंग. हा शब्द आपल्याला वाटतो शाळेतल्या पोरांचा. पण आयर्लंडमध्ये कामावरच्या बुलिंगविषयी २०२० ची आचारसंहिता आहे, आणि एखाद्या सहकाऱ्याला पुन्हा पुन्हा एकटं पाडणं, त्याला सगळ्यांतून वगळणं, हे तिच्यात बुलिंगच्या उदाहरणांमध्ये येतं. म्हणजे चहाच्या सुट्टीत त्या ताईला वाळीत टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की इथल्या नियमांच्या भाषेत ते बॉयकॉट करत नाहीयेत, बुलिंग करतायत.

आपला बहिष्कार

मराठीत आपण बॉयकॉटला बहिष्कार म्हणतो. या मराठी शब्दाच्या पोटात दोन वेगळे इतिहास बसलेत.

एक इतिहास टिळकांचा. बंगालची फाळणी झाली १९०५ मध्ये. त्याच वर्षी पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, आणि पुढे स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री घरोघरी गेली. हा बहिष्कार मेयोतल्या बॉयकॉटचा सख्खा भाऊ. दुबळ्यांनी एक होऊन बलवानाचा व्यवहार तोडणं.

दुसरा इतिहास त्याहून फार जुना. जातीबाहेर काढणं, पंगतीतून उठवणं, ग्रामण्य. खुद्द टिळक आणि रानडे यांनाही त्याची झळ लागली होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढा गदारोळ झाला, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. पण मोठ्या माणसांचं ते प्रायश्चित्तावर निभावलं. ज्यांना जन्मानेच बाहेर ठेवलं होतं त्यांना कसलं प्रायश्चित्त? म्हणून तर बाबासाहेबांनी १९२४ मध्ये संस्था काढली तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि १९२७ मध्ये पाक्षिक काढलं त्याचं नाव बहिष्कृत भारत.

तेव्हाच्या मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. बाबासाहेब त्या समितीवर होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव काय करतं, ते त्यात लिहिलंय. शेतातलं काम बंद. वाण्याचं दुकान बंद. वर्षानुवर्षांची पायवाट बंद. आता ही यादी मेयोच्या यादीशेजारी ठेवा. काम बंद, दुकान बंद, वाट बंद. हुबेहूब तेच! फक्त दिशा उलटी. मेयोत मजुरांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याची वाट अडवली, आपल्याकडे जमीनवाल्यांनी मजुरांची.

त्याच साली बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेला गेले, तिथे त्यांनी मागणी ठेवली की सामाजिक बहिष्कार हा कायद्याने गुन्हा ठरवा. त्यासाठी आधार घेतला ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. महाराष्ट्रात तसा स्वतंत्र कायदा यायला २०१६ उजाडलं आणि अंमल सुरू झाला २०१७ मध्ये. रायगडसारख्या जिल्ह्यातून गावकीने कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकल्याची प्रकरणं एकामागून एक पुढे आली, तेव्हा कुठे हे झालं. आज महाराष्ट्रात कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आयर्लंडलाही धडा मिळाला

कुणी म्हणेल, हे आपल्याच समाजाचं दुखणं. नाही. बॉयकॉटची आई असलेल्या या देशातही हत्यार उलटं फिरलं आहे.

१९०४ मध्ये लिमरिक शहरात एका पाद्र्याने प्रवचनातून ज्यू व्यापाऱ्यांविरुद्ध लोकांना भडकवलं. त्यांच्याशी व्यवहार बंद झाला, दगडफेक झाली, काही कुटुंबं शहर सोडून गेली. तेव्हा जाहीरपणे विरोध करणाऱ्यांमध्ये कोण होता? तोच एका हाताचा मायकल डॅविट. बॉयकॉटच्या चळवळीचा बाप म्हणाला, हे नाही चालायचं. १९५७ मध्ये वेक्सफर्डच्या फेथर्ड-ऑन-सी गावात एका आंतरधर्मीय लग्नाच्या वादातून प्रोटेस्टंट दुकानदारांवर गावाने बहिष्कार टाकला. पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी संसदेत त्याचा निषेध केला.

आणि याच देशात १९८४ मध्ये काय झालं तेही बघा. डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवरच्या डन्स स्टोअर्समध्ये मेरी मॅनिंग नावाची एकवीस वर्षांची मुलगी गल्ल्यावर होती. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं राज्य होतं, आणि तिच्या युनियनने ठरवलं होतं की तिथला माल हाताळायचा नाही. १९ जुलैला एका गिऱ्हाइकाची दक्षिण आफ्रिकेची फळं तिने गल्ल्यावर घ्यायचं नाकारलं. तिला निलंबित केलं. तिच्यासोबत दहाएक सहकारी बाहेर पडले आणि अडीच वर्षांहून जास्त काळ पिकेटवर उभे राहिले. १९८७ मध्ये आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांच्या आयातीवर बंदी घातली. गल्ल्यावरच्या पोरींनी हे केलं!

तीन प्रश्न

तर मग खरा कुठला आणि खोटा कुठला, हे ओळखायचं कसं? कुणी बॉयकॉट म्हटलं की तीन प्रश्न विचारावेत असं माझं मत आहे.

पहिला, हा बॉयकॉट कृतीविरुद्ध आहे की जन्माविरुद्ध? कारभाऱ्याने नोटिसा काढल्या, ही कृती. लिमरिकचा ज्यू, वेक्सफर्डचा प्रोटेस्टंट, गावकुसाबाहेरचा महार, हा जन्म. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा रस्त्याने जाताना कुणी तुमची जात विचारली नाही की प्रांत. जन्मावरून बाहेर ढकललं जाणं म्हणजे काय, ते आपण सगळ्यांनीच चाखलंय.

दुसरा, परतीची वाट आहे का? खंड कमी करा, नोटिसा मागे घ्या, उद्या सकाळी लोहार कामावर हजर, असा तो मामला असतो. मागणी असते, ती पुरी झाली की विषय संपतो. वाळीत टाकलेल्याला सांगता येईल अशी मागणीच नसते. त्याने नाक घासावं एवढीच इच्छा असते.

तिसरा, जोर कुणाच्या बाजूला आहे? ज्याच्याविरुद्ध उठलात तो तुमच्यापेक्षा बलवान असेल तर तो बॉयकॉट. रूममधला एकटा असेल, नवीन असेल, कर्जात असेल, तर ती दादागिरी.

एनिसच्या सभेत पार्नेलचं बोट जमीन घेणाऱ्या कुळाकडे, म्हणजे आपल्याच माणसाकडे होतं, हे मी विसरलेलो नाही. संप फोडणाऱ्याचा राग येतोच. पण तिथेही आधी कृती होती, आणि वाट उघडी होती. जमीन सोड आणि ये.

आणि त्या कॅव्हन-मोनॅहनच्या पन्नास जणांचाही विचार करा. परक्या गावातून आणलेले मजूर. आज मीट फॅक्टरीच्या बोनिंग हॉलमध्ये, केअर होममध्ये, हॉटेलच्या किचनमध्ये आपल्याला आणताना ‘ही माणसं उलट बोलत नाहीत’ असाच हिशेब कित्येकदा असतो. स्थानिक कामगार जादा तासांना नकार देतात तेव्हा रोस्टरवर आपलं नाव लागतं. तेव्हा आपण कोण? बॅलिनरोबचा लोहार की त्या पन्नासांतला एक? याचं उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावं. पण एजंटचं कर्ज डोक्यावर असलेला पोरगा ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं पाडून उपयोग नाही. त्याच्याशी बसून बोला, त्याला आपल्यात घ्या. एकटा पडलेला माणूस मालकाच्या जास्तच हातात जातो.

इथे नेमकं काय करता येतं

एकट्याने रागाने काम सोडणं म्हणजे बॉयकॉट नव्हे. ती गैरहजेरी धरली जाते. संपाला कायद्याचं संरक्षण हवं असेल तर इथे रीत आहे: युनियन, गुप्त मतदान, आणि मालकाला किमान एक आठवड्याची नोटीस. ग्रुपवर रात्री अंगठे दाखवून सकाळी कामावर न जाणं या संरक्षणात बसत नाही.

युनियनचं सभासद होणं हा तुमचा हक्क आहे. परमिटवर असलात तरी. मालकाने युनियनशी बोलणी केलीच पाहिजेत असं कायदा सांगत नाही, हे खरं. पण सभासद झालात म्हणून कामावरून काढलं, तर त्याविरुद्ध दाद मागायला एक वर्षाच्या नोकरीची अट लागत नाही.

पगार कमी दिला, सुट्टीचे पैसे दिले नाहीत, तर वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे साधारण सहा महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. मुदत वाढवून मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. एकाने तक्रार केली म्हणून दुसऱ्याचं परमिट रद्द होतं, असा कुठलाही नियम नाही. उलट तक्रार केली म्हणून मालकाने त्रास दिला, तर त्याविरुद्ध वेगळी दाद मागता येते. परमिट मिळवून देण्याचा खर्च मालकाने तुमच्या पगारातून कापणं कायद्याला मान्य नाही. आणि २०२४ च्या नव्या कायद्याने, नऊ महिने झाल्यावर त्याच प्रकारच्या कामात मालक बदलता येतो. पूर्वीइतके आपण एकाच खुंट्याला बांधलेले नाही.

वाट दिसत नसेल तर डब्लिनमधल्या मायग्रंट राइट्स सेंटर आयर्लंडकडे जा, सिप्टूसारख्या युनियनकडे जा. आणि हे आपल्याला जमणार नाही असं म्हणू नका. २००५ मध्ये इथे रस्ते आणि इमारती बांधणाऱ्या तुर्की कामगारांची गोष्ट संसदेत गाजली. भाषा येत नव्हती, राहायची जागाही कंपनीचीच. आपल्या नावावर नेदरलंड्समधल्या बँकेत खाती आहेत हेही कित्येकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एकत्र येऊन काही आठवडे काम बंद ठेवलं. इथले लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांना पैसे मिळाले.

त्या आंदोलनात पहिला बोलणारा कुणीतरी एक असणारच. त्याच्या सोबत्यांनी त्याला वाळीत टाकलं असतं तर?

म्हणून विनंती एवढीच. तुमच्या ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी ‘बॉयकॉट करा’ असं लिहिलं, की त्याला विचारा: कुणाला, कशासाठी, आणि काय केलं म्हणजे संपेल? उत्तर मिळालं तर नाव नोंदवा आणि मागे हटू नका. उत्तर मिळालं नाही, तर त्या ताईसाठी गाडीत जागा धरा. तिने जे केलंय ते उद्या तुम्हाला करावं लागणार आहे.